उकिरड्याची वाटणी

वाटणीतून द्वारकाबाईला मिळण्यासारखं जे होतं, ते तिचंच होतं. बारा एकर, तीन भाऊ, माणशी चार एकर. पण थोरल्याची बायको द्वारकाबाई एकरांत मोजत नव्हती, गाड्यांत मोजत होती. वर्षाला पंचवीस बैलगाड्या शेणखत, अकरा वर्षं, सगळं एकाच वावरात, खालच्या सखल लवणातल्या. म्हणजे पावणेतीनशे गाड्या. त्या कुठल्या सातबाऱ्यावर दिसत नव्हत्या. लवण तिच्या वाट्याला आलं, तर तिच्याच गाड्या तिला परत, नफा शून्य. नाही आलं, तर पावणेतीनशे गाड्या पाण्यात. असल्या सौद्याला शहाणं माणूस बसत नाही. पण मधल्या बन्सीला दुकान वाढवायला कर्ज हवं होतं आणि बँकेला बन्सीच्या एकट्याच्या नावाचा सातबारा. तेव्हा बसणं आलं.

दिवस ठरला पाडव्याच्या दुसऱ्या दिवशीचा. त्या दिवशी घरात शिळ्या पुरणपोळ्या असतात आणि माणसं जरा सुस्तावलेली. भुकेल्या माणसांना वाटणीला बसवू नये, हे सासूचं, मनकर्णाबाईचं मत. तिनं सून म्हणून या घरात आल्या आल्या चुलत सासऱ्यांची वाटणी पाहिली होती. त्यात एका पितळी घंगाळावरून निघालेल्या शिव्या तिला वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीही क्रमानं पाठ होत्या.

त्या भांडणानंतर तात्यासाहेबांनी, म्हणजे मनकर्णाबाईच्या सासऱ्यांनी, घराला नियम घालून दिला. मोठ्यानं वाटे पाडायचे. धाकट्यानं पहिला उचलायचा, मग मधल्यानं. उरेल तो मोठ्याचा. पाडणाऱ्यालाच उरलेला वाटा मिळणार म्हटल्यावर तो सगळे सारखे पाडतो. त्यावर म्हाताऱ्यानं आणखी एक कलम चढवलं होतं. मोठ्यानं प्रत्येक वाट्याची खोट चारचौघांत सांगायची. गुण मात्र सांगायचे नाहीत; गुण ज्याचे त्यानं डोळे उघडे ठेवून शोधायचे. आणि मोठा शेवटी उचलतो म्हणून त्याला जमिनीखेरीज घरातली एक वस्तू, मागेल ती. तिला घरात 'मोठेपणाचं' म्हणत.

द्वारकाबाईनं हा नियम आठवडाभर चुलीपुढं बसून उलटासुलटा करून पाहिला होता. वावरं तीन, चार-चार एकरांची. पहिलं सडकेचं: सगळा मुरूम, पण जालना रोडला लागून. शेंद्र्याची कारखान्यांची वसाहत वाढत वाढत त्या बांधापर्यंत येणार, ही बातमी गावात सोळा वर्षं येत होती आणि दर वर्षी ताजी असायची. दुसरं विहिरीचं: पाणी पायाशी, पण माती दगडासारखी आवळलेली. तिसरं लवण. धाकटा पुंजाराम वाळूजच्या कंपनीत सुपरवायझर. तो सडक सोडणार नाही. बन्सी पाण्यावर जीव टाकणारा. तो विहीर उचलणार. लवण आपोआप उरणार. दोन दिरांचा लोभ तिच्या बाजूनं उभा होता आणि लोभासारखा भरवशाचा गडी तिला दुसरा माहीत नव्हता.

धोके दोनच. एक, तुरीच्या डाळीच्या डब्यात लपवलेला माती तपासणीचा कागद. आणि दुसरा, पुंजारामची बायको आशाबाई.

बन्सी नव्या गाडीतून आला. बायको गुडघ्याचं निमित्त सांगून शहरात उस्मानपुऱ्यातच राहिली होती. त्यानं डिकी उघडून पाच किलोची एक चकचकीत पिशवी काढली आणि वहिनीपुढं धरली.

"घ्या वहिनी. नवं आलंय. पाण्यात घाला, विरघळलं की झालं."

"भाऊजी, पाडव्याला लोक साखरेच्या गाठी आणत्यात."

"ही पिकाची साखरगाठ समजा."

"मंग पिकाच्याच गळ्यात घाला," द्वारकाबाई म्हणाली आणि पिशवी उंबऱ्याबाहेरच ठेवली. तिचा वापर झाला, पण तो वाऱ्यानं दार आपटू नये म्हणून.

बन्सीला राग येत नसे. खताच्या दुकानदाराला तो परवडत नाही. शिवाय वहिनीशी हे त्याचं अकरा वर्षांचं भांडण होतं आणि जुन्या भांडणात माणूस घरच्यासारखा बसतो. लिंबाखाली सतरंजीवर टेकत त्यानं समोरच्या मोहियोद्दीनभाईला साक्षीला घेतलं.

"भाई, तुम्हीच सांगा. वहिनींचं शेण-पाल्याचं सगळं खरं. पण गावात बैल राहिले किती?"

"अकरा जोड्या," मोहियोद्दीन म्हणाला. त्यानं सगळी नोकरी कृषी खात्यात सहायक म्हणून काढली होती. आकडा विचारला की त्याला सांगितल्यावाचून राहवत नसे.

"अन् आधी?"

"मी नोकरीला लागलो त्या साली मोजले व्हते. एकशे चाळीस."

"ऐका! मंग सगळ्या गावाला पुरंल एवढं शेण येणार कुठून? बैल काय माझ्या दुकानात पुड्यात येत्यात? वहिनींचं चार एकर चालंल. गावाचं बाराशे एकर कसं चालायचं?"

हा प्रश्न खोटा नव्हता. द्वारकाबाईलाही तो रात्री उशाशी येऊन बसायचा. पण दिवसा बन्सीसमोर ती कबूल करणार नव्हती.

"हौ, बराबर है तेरा," मोहियोद्दीन म्हणाला. "पण बन्सीसेठ, तूबी एक सांग. पैल्या साली हेच लोक एकरी एक गोणी न्यायचे. आता?"

"तीन."

"पीक तिप्पट झालं?"

"पीक व्हय..." बन्सीनं लिंबाकडं पाहिलं. "पीक हाय तेवढंच हाय. पण गिऱ्हाईक मागतंय त्याला मी काय करू?"

"तेच म्हणतो. दमलेल्या बैलाला दर साली एक चाबूक जास्त. कधीतरी बैल खाली बसंल का नाय?"

"तवा आपण दुसरं दुकान टाकू," बन्सी म्हणाला आणि सगळे हसले. सर्वांत मोठ्यानं तोच.

मोहियोद्दीन पंच म्हणून बसला होता. या घरच्या वाटणीला त्याच्या घरचा माणूस बसतो, हेही तात्यासाहेबांपासूनचं. अठ्ठेचाळीस सालच्या पोलीस अ‍ॅक्शनच्या दिवसांत मोहियोद्दीनच्या आजोबांनी घर सोडलं, तेव्हा तात्यासाहेबांनी त्यांची तांब्याची भांडी आणि आजीची चांदी या घरच्या उकिरड्यात पुरून ठेवली. गावात धुंडाळणारे पुष्कळ फिरले. शेणात हात घालायला कुणी तयार झालं नाही. अडीच महिन्यांनी मोहियोद्दीनचे आजोबा परतले तेव्हा एक चमचासुद्धा कमी भरला नाही. भांड्यांचा वास मात्र पुढच्या ईदपर्यंत गेला नाही, असं त्याची आजी, ताहेरादादी सांगायची.

अशा घरात पंच म्हणून बसायचं आणि पोटात एक गोष्ट दाबून ठेवायची, हे मोहियोद्दीनला जड जात होतं. तिन्ही वावरांची माती त्यानंच उकरून तपासायला पाठवली होती. जमिनीचा जीव मोजतात तो सेंद्रिय कर्ब: सडकेला शून्य पूर्णांक अठ्ठावीस, विहिरीला पस्तीस, लवणाला चौऱ्याण्णव. आपल्या सगळ्या नोकरीत या शिवारात त्यानं असला आकडा पाहिला नव्हता. परवा बांधावर द्वारकाबाईनं त्याला गाठलं होतं.

"भाई, कागदाचं कुणी इचारलं तर?"

"इचारलं तर सांगीन, भाभी. खोटं नाय बोलणार."

"अन् नाय इचारलं तर?"

मोहियोद्दीननं बराच विचार केला. "तात्यासाहेबांचं कलम हाय. गुण सांगायचे नाय."

कायद्याचा आधार सापडल्यावर दोघांनाही हलकं वाटलं होतं.

पुंजाराम आणि आशाबाई अकराला मोटारसायकलवरून आले. पुंजाराम पहिल्या पाळीचा सुट्टीचा अर्ज देऊन आला होता आणि ते त्यानं तीनदा सांगितलं. आशाबाईनं सासूच्या पाया पडून पदर खोचला, थोरल्या जावेच्या हातातली आमटीची पळी घेतली आणि सहज विचारल्यासारखं विचारलं, "आक्का, लवणात औंदा काय व्हतं?"

"तूर. मधून मका."

"अन् आता मोकळंच?"

"मोकळंच."

"नांगरलं नाय?"

"नाय बाई. व्हतंय कुठं," द्वारकाबाई म्हणाली आणि पोळीवर तूप जरा जास्त वाढलं. आशाबाईनं तुपाची नोंद घेतली. चौदा वर्षांत तिला या घरात न मागता तूप मिळालं नव्हतं.

जेवणं झाली. थोरला रामकिसन उठून उभा राहिला. पंचावन्न वर्षांचा हा माणूस गावात दोन गोष्टींसाठी प्रसिद्ध होता: तो कमी बोलायचा, आणि बोलला तर खरं बोलायचा. दुसरी गोष्ट द्वारकाबाईला लग्नापासून नडत आली होती. तिनं आठ दिवस त्याच्याकडून तिन्ही वावरांच्या खोटी पाठ करून घेतल्या होत्या.

"सडकेचं वावर," रामकिसननं सुरुवात केली. "खोट आशी, मुरूम हाय. हातभर खाली कुदळ वाजती. पाणी धरत नाय. आन रस्त्याच्या गाड्यांची धूळ कापसावर बसती."

"पुढं," मोहियोद्दीन म्हणाला.

"विहिरीचं वावर. खोट आशी, पाणी लई देऊन देऊन माती आवळली. पावसात चिखल, उन्हात दगड. वखर घातला की बैल मान टाकत्यात. विहीर तिघांची राहील, पाळी आठ-आठ दिवसांची."

"पुढं."

"लवण." रामकिसन थांबला. "लवणाची खोट..."

लिंबावरून एक कावळा उडाला. रामकिसननं टोपी काढून परत घातली. पाठ केलेलं वाक्य तोंडापर्यंत आलं होतं: तण लई होतं. पण ते बाहेर पडेना, कारण ते तण उपटून ते दोघं तिथंच अंथरत होते आणि ते अंथरल्यानंच तर माती काळी झाली होती. मग ती खोट कशी?

"तण," द्वारकाबाई स्वयंपाकघराच्या दारातून बारीक आवाजात म्हणाली.

"तण व्हतंय," रामकिसन म्हणाला, आणि प्रामाणिकपणे पुढं जोडलं, "पण ते कामाला येतंय."

"दादा, गुण नाय सांगायचे," पुंजाराम म्हणाला.

"व्हय, व्हय. खोट." त्यानं डोळे मिटले. गेल्या साली पावसानं अठ्ठावीस दिवस दडी मारली तेव्हा शिवारात एकटी लवणातली तूर हिरवी उभी होती, ती त्याला दिसायला लागली. "खोट आशी की... गडी लावायला गेलं की गडी म्हणत्यात, इथं काय काम हाय? बांधावर बसून राहत्यात."

मोहियोद्दीन खोकला. बन्सी हसला, त्याला वाटलं, दादाला ऊन लागलं. द्वारकाबाईनं कपाळाला हात लावला.

आशाबाई हसली नाही. तिच्या माहेरी, फुलंब्रीकडं, आल्याचं पीक. आल्याच्या घरात पोरगी चालायला लागली की तिला मातीचा वास कळतो. एक सरळ माणूस आपल्या वावराची खोट शोधतो आणि त्याला सापडत नाही. या साक्षीपुढं दुसरा कागद काय करायचा? ती उठली.

"आत्याबाई, लिंबू आणते लवणाच्या बांधावरनं. सरबत करू."

"घरात हायत की लिंबं," द्वारकाबाई म्हणाली.

"ताजं आणते, आक्का."

पुंजाराम तिच्या मागं गेला, कारण तिनं जाताना त्याच्याकडं पाहिलं होतं.

लवण कुणाला दाखवावं असं दिसत नव्हतं. नांगराचा पत्ता नाही. तुराट्या तोडून पसरलेल्या, त्यावर तुरीचा पाला, मक्याची ताटं, वाळलेलं तण. गावाच्या नजरेला हे आळशाचं वावर. चैत्रात माणसाचं वावर कसं, नांगरून, ढेकळं उलथून, उन्हात तापत पडलेलं पाहिजे. बन्सी तर येता-जाता म्हणायचा, वहिनीनं शेतात गादी घातलीय.

आशाबाई उकिडवी बसली. पाला बाजूला केला, खुरप्याऐवजी केसांतला आकडा काढून माती उकरली. चैत्रातलं दुपारचं ऊन, आणि माती गार. तिनं मूठ भरली, दाबली, सोडली. माती चुरा होऊन बोटांतून पडली. त्यात एक गांडूळ होतं आणि ते या आगंतुक उजेडावर नाराज होतं.

"हे घ्यायचं," आशाबाई म्हणाली.

"काय, गांडूळ?"

"लवण."

"वेडी झाली का? मी कंपनीत सांगून बसलोय. रोड-टच प्लॉट म्हणून!"

"कंपनीतले येणारेत का धुळीत कापूस वेचायला? सोळा वर्षं रोड-टच हाय त्यो. अहो, तुमची पाळी बदलली की माझी झोप बदलती. दोन खोल्यांत चौदा वर्षं मी घड्याळाची बायको आहे. मला इथं आलं लावायचंय. इथं. या मातीत."

तिच्या तोंडून चौदा वर्षांत पुंजारामनं मागणं ऐकलं होतं ते मिक्सरचं आणि फॅनचं. मुठीत माती धरून तिनं काही मागावं, हे नवं होतं.

"वहिनींचं काय?" त्यानं हळूच विचारलं. "अकरा वर्षं घातलीत त्यांनी."

आशाबाईनं गांडूळ परत जागेवर ठेवलं, वर पाला ओढला. "ते मला माहीत हाय," ती म्हणाली. "माहीत हाय म्हणून तर दुसरं नको."

लिंबू आणायचं दोघंही विसरले.

"लवण," पुंजाराम सतरंजीवर उभा राहून म्हणाला आणि खाली बसला.

बन्सीला आनंद लपवता आला नाही. आयती सडक! "मी सडकेचं," त्यानं दम न घेता सांगितलं. रामकिसनला विहिरीचं राहिलं. मोहियोद्दीननं कागदावर तीन ओळी लिहिल्या. पहिल्या ओळीनंतर त्यानं द्वारकाबाईकडं पाहायचं टाळलं.

ती दारात होती तिथंच खाली बसली. रडली नाही. तिनं तोंडाला पदर लावला आणि त्यात काहीतरी पुटपुटली. ते नवऱ्याबद्दल होतं आणि मनकर्णाबाईला ऐकू आलं. म्हातारीच्या ओळखीचं होतं. घंगाळाच्या वेळी हीच शिवी तिसऱ्या नंबरावर होती.

"मोठेपणाचं राहिलं," मनकर्णाबाई म्हणाली. "रामकिसन, काय मागतो ते माग. तांब्याचा हंडा हाय, लोखंडी कपाट हाय, तात्यासाहेबांची बंदूक हाय, मोडकी का होईना."

रामकिसननं बायकोकडं पाहिलं. आज आपण जेवढं बोललो तेवढं पुरे, हे त्याला कळलं होतं. "ती सांगंल," तो म्हणाला.

द्वारकाबाईनं पदर खाली घेतला. चुलीपुढच्या आठ दिवसांत तिनं हंडाच धरला होता. पण आता ती लवणाकडं मनातल्या मनात एकदा जाऊन आली आणि येताना गोठ्यावरून आली.

"उकिरडा," ती म्हणाली.

बन्सी हसता हसता खोकायला लागला. "वहिनी! कपाट घ्या की!"

"उकिरडा. खड्डा, त्यात हाय ते खत, आन इथून पुढं या घरातलं जे जे टाकायचं, ते समदं माझं. जनावरं तुम्ही कुणी नेणार का शहरात?"

उस्मानपुऱ्याच्या फ्लॅटमध्ये आणि वाळूजच्या दोन खोल्यांत दोन बैल आणि तीन गायी कुठं बांधायच्या, याचा विचार दोघा भावांनी एक क्षण केला.

"नाय," दोघं एकदम म्हणाले.

"मंग जनावरांचंबी माझंच. लिहा भाई."

"लिहिलं," मोहियोद्दीन म्हणाला, आणि उतरत्या वयात त्याला शिट्टी वाजवावीशी वाटली.

"अन् माझं?" मनकर्णाबाई म्हणाली. "मी कुणाकडं राहायचं ते मी सांगायचं असतंय का नाय?"

"माय, माझ्याकडं चल. लिफ्ट हाय," बन्सी म्हणाला.

"लिफ्टमधी राख कुठं टाकू सकाळची? साठ वर्षं मी उठून उकिरड्यावर राख टाकती, मंग तोंड धुती. ज्याचा उकिरडा त्याच्याकडं मी."

हिशोब सगळ्यांत आधी लागला तो आशाबाईला. लवणाला वर्षाला पंचवीस गाड्या लागतात. उकिरडा आक्काचा. जनावरं आक्काची. तीन वर्षं पोटाला मिळालं नाही की लवण विहिरीच्या वावरासारखं होणार, आणि त्याच तीन वर्षांत विहिरीचं वावर लवण होणार. तिनं माती उचलली होती. आक्कानं मातीची भाकरी उचलली होती.

ती जावेजवळ जाऊन उंबऱ्यावर बसली. उन्हात दार धरून ठेवलेली बन्सीची पिशवी दोघींच्या मध्ये होती. ती तिनं बाजूला सारली.

"आक्का, खत इकत देणार का?"

"नाय."

"मंग?"

"तू नांगरणार का लवण?"

"मरेस्तवर नाय."

"पाला जाळणार?"

"आमच्यात आल्याच्या पिकावर पाला आंथरत्यात, आक्का. जाळत नाय."

द्वारकाबाईनं तिच्या हाताकडं पाहिलं. नखांत काळी माती होती. लिंबू आणायला गेलेल्या बाईच्या नखांत.

"पुरतंय कुठं पण," द्वारकाबाई शेवटी म्हणाली, आणि दिवसा बन्सीसमोर कबूल न करायची गोष्ट तिनं दिवसा बन्सीसमोर कबूल केली. "भाऊजी म्हणत्यात ते खोटं नाय. पाच जनावरांत एक वावर निघतंय. दोन नाय निघत. मोहियोद्दीनभाईच्या शेळ्यांच्या लेंड्या धरून नाय निघत."

बन्सीला आपण जिंकल्याचं कळायला वेळ लागला, आणि कळलं तेव्हा त्याला मजा वाटेना. "मी तेच तर म्हणतो," तो जरा खाली आवाजात म्हणाला.

"कंपनीच्या कँटीनमधी," पुंजाराम एकदम बोलला, "दोन पाळ्यांचं जेवण व्हतं. कोबीची पानं, बटाट्याची सालं, मटाराची टरफलं. रोज चार पोती. उचलून न्यायला माणसाला पैसे देत्यात."

सगळे त्याच्याकडं वळले. तो वाळूजला लागल्यापासून कंपनीबद्दल घरात ऐकण्यासारखं त्यानं पहिल्यांदाच काही सांगितलं होतं.

"मोटारसायकलवर चार पोती?" मोहियोद्दीन म्हणाला.

"आठवड्याला दोन आणीन. सुट्टीच्या दिवशी."

"मंग आता ऐका," द्वारकाबाई उठून उभी राहिली. "उकिरडा माझा हाय, लिहिलंय. या घरात इथून पुढं रिकाम्या हातानं कुणी यायचं नाय. पोळी खायला आलं तरी एक पोतं आणायचं. आशाबाई लवण करंल, मी विहिरीचं. खड्ड्यातनं निघंल ते दोघींत निम्मं. पण पाट्या तिनं डोक्यावर वाहायच्या. मी अकरा वर्षं वाह्यल्या."

"वाहीन," आशाबाई म्हणाली.

"भाऊजी, तुमच्या दुकानापाशी रसवंत्या किती?"

"पाच-सहा," बन्सी सावध झाला. "काहून?"

"उसाची चिपाडं फेकत्यात ना ते? धा पोती आणा, एक गाडी तयार खत सडकेच्या वावरात टाकीन. रोड-टच प्लॉट हाय तुमचा. सोळा वर्षं झाली, आणखी सोळा जातील. तवर दोन आंबे तरी जगू द्या."

बन्सीनं नव्या गाडीकडं पाहिलं, डिकीकडं पाहिलं. आयुष्यभर त्यानं गोण्या शहरातून गावाकडं आणल्या होत्या आणि त्यांचे पैसे घेतले होते. आता पोती शहरातून गावाकडं आणायची आणि वर पैसे नाहीत. पण व्यापाऱ्याला एक गोष्ट नाकारता येत नाही: फुकटातल्या मालाच्या बदल्यात मिळणारा माल.

"पंधराला एक नको, धालाच एक," तो म्हणाला.

"धाच म्हणाले मी."

"मंग ठीक हाय," बन्सी म्हणाला. घासाघीस केल्याचं समाधान त्याला मिळालं.

सह्या झाल्या, एक अंगठाही उमटला. चहा आला. रामकिसनच्या कपात साखर नव्हती. त्यानं एक घोट घेतला, बायकोकडं पाहिलं, आणि कप संपवला. हा बिनसाखरेचा चहा त्याला पुढं आषाढापर्यंत मिळाला. एका खोटीपायी.

उन्हं कलली तशी द्वारकाबाई दोन रिकाम्या पाट्या घेऊन आशाबाईपुढं आली.

"एक मागू?"

"आता काय राहिलं, आक्का?"

"दोन पाट्या माती दे. तुझ्या लवणातली. विहिरीच्या वावरात टाकते, पाल्याखाली. इरजण म्हणून."

'तुझ्या' हा शब्द उच्चारायला तिला किती पडलं, ते कुणी लिहून घेतलं नाही. आशाबाईनं जावेच्या हातातून पाट्या घेतल्या आणि दोघी लवणाकडं गेल्या.

तर त्या दिवशी कुणी काय मोल भरलं? पुंजारामनं सडक भरली आणि कंपनीतली शान. बन्सीनं दुकानातलं एक घरचं गिऱ्हाईक, आणि पुढं वर्षभर डिकीचा वास. उन्हाळ्यात त्याची बायको काचा खाली करूनच बसायची. मोहियोद्दीननं आकडा पोटात ठेवायची कळ भरली, ती संध्याकाळी डाळीच्या डब्यातून निघालेला कागद आशाबाईला दाखवल्यावर उतरली. तिनं कागद वाचला आणि म्हणाली, "एवढंच? मला तर जास्त वाटलं व्हतं." रामकिसनची साखर. आशाबाईची मान, पाट्या वाहून ती पहिल्या महिन्यात अशी आवळली की ती सासूकडंही तिरकी बघायची.

द्वारकाबाईनं पावणेतीनशे गाड्या भरल्या. त्यातल्या दोन पाट्या तिला त्याच दिवशी परत मिळाल्या, गच्च दाबून भरलेल्या, वर पाल्याचं झाकण घालून. तिनं त्या विहिरीच्या वावरात, दगडासारख्या जमिनीत चार बोटं खड्डा करून टाकल्या, आणि दही लागलंय का ते सकाळी बघायला जावं तशी दुसऱ्या दिवशी राख टाकायच्याही आधी जाऊन बघून आली. काही झालेलं नव्हतं. पाल्याखाली ओल मात्र धरली होती.